दाजींच्या गाडीचा उजेड: तीनदा बदललेले बल्ब आणि एक नापास फिटनेस

पार्श्वभूमी

गाडी २०१३ची, डिझेल, सात सीटची, पिवळ्या पाटीची. मालक स्वतःच चालवतात. त्यांचं नाव सांगत नाही, आमच्या गल्लीत सगळे त्यांना दाजी म्हणतात, तेच इथं वापरतो. अंबाजोगाईहून लातूर, कधी परळी, कधी केज-मांजरसुंबा करत थेट संभाजीनगर, असा त्यांचा धंदा. निम्मी भाडी रात्रीची असतात, कारण दवाखान्याचं भाडं घड्याळ बघून येत नाही.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. दुकान लहान आहे, पण व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर चांगला आहे. तो मल्टिमीटर या प्रकरणात पहिल्या दिवशी ड्रॉवरमधून बाहेर काढला असता तर पुढचं बरंच रामायण टळलं असतं. ते पुढं येईलच.

दिवाळीनंतर कारखाने पेटले की आमच्याकडचे रस्ते बदलतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीबाहेर हात-हातभर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यात बैलगाड्या. एखाद्या ट्रॉलीचा टायर बसला की ती तिथंच रस्त्यात उभी, मागं दोन दगड आणि एक झाडाची फांदी. एरवी चालून जाणारे हेडलाइट या चार-पाच महिन्यांत पुरे पडत नाहीत.

अडचण

नोव्हेंबरात एका संध्याकाळी दाजी आले. "मिस्त्री, रातीचं समोरचं कायच दिसंना गेलंय. काल बर्दापूरच्या अलीकडं ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो. ते पांढरे एलईडी येतेत ना, ते टाका."

गाडीत तेव्हा १००/९० वॉटचे बल्ब होते. ते दोन वर्षांपूर्वी दुसरीकडं बसवलेले. मूळ बल्ब एच-४ जातीचा, ६०/५५ वॉटचा: अप्परला (लांबच्या झोताला) ६०, डिपरला (खाली झुकलेल्या झोताला) ५५. मोठ्या वॉटचा बल्ब टाकूनही उजेड कमीच, ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. मी फक्त काच बघितली. पिवळी पडली होती, उजवीपेक्षा डावी जास्त.

पहिला निर्णय, आणि तो माझाच

मी एलईडी बसवले. ३,२०० रुपयांचा संच, मागं छोटे पंखे असलेला. गिऱ्हाईक मागतंय, माल दुकानात आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. दुकानदार म्हणून हा मोह मला नवीन नाही. दाजींनी गाडी भिंतीसमोर लावून बघितली आणि खूश झाले. भिंत दुधासारखी पांढरी दिसत होती.

चार दिवसांनी फोन आला. उजेड भरपूर आहे, पण समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारतोय. लातूरहून येताना एका एसटीच्या ड्रायव्हरनं रेणापूरजवळ गाडी हळू करून काचेतून शिवी घातली. दाजी डिपरवरच होते.

मी फोकस थोडा खाली केला. मग जवळचा रस्ता लख्ख आणि पुढं काळोख. दाजी म्हणाले, "आता तर पायाखालचंच दिसायलंय." हे का होतं ते त्यांना समजावताना माझं मलाच नीट उमगलं, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळं डिपरचा उजेड हेडलाइटच्या आतल्या आरशाच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून उलटून खाली रस्त्यावर जातो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक तुकडा त्या तारेची जागा आणि जाडी धरून घडवलेला असतो. एलईडीत तार नसतेच, पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. पट्टीला स्वतःची जाडी असते, आणि जागा एखाद-दीड मिलिमीटर इकडं-तिकडं झाली तरी रिफ्लेक्टरच्या हिशेबानं तो उजेड भलत्याच ठिकाणाहून आलेला असतो. मग थोडा उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि बाकीचा जवळच्या डांबरावर सांडतो. जवळचं डांबर चमकलं की आपल्या डोळ्याची बाहुली बारीक होते, आणि लांबचं उलट आणखी कमी दिसतं. भिंतीवर दूध दिसणं आणि ऐंशी फुटांवरची ट्रॉली दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिटनेसला नापास

डिसेंबरात गाडीची पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आली. धंद्याच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा फिटनेस लागतो, त्यानंतर दरवर्षी. दाजींची गाडी दरवर्षीवाली. ब्रेक, धूर, टायर सगळं ठीक, हेडलाइटवर अडकली. दोन्ही डिपर डोळ्यावर येतायत आणि बल्ब मूळ जातीचे नाहीत, असं त्यांना सांगितलं गेलं. एजंट म्हणाला, "तात्पुरते जुने बल्ब टाकून आणा, पास झाल्यावर परत बदला." हा सल्ला राज्यभर चालतो. दाजींनी मला विचारलं, "करायचं का तसं?"

इथं मी थांबलो आणि नियम काढून वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नियम १०६ या कामासाठी फार उपयोगी आहे, कारण तो टेप घेऊन तपासता येतो. दिव्याचा झोत इतका खाली हवा की दिव्यापासून ८ मीटर पुढं, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडं आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपू नयेत. म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे. दुकानासमोरच्या बोळात मी आठ मीटर मोजले, अर्धा मीटर उजवीकडं सरकलो, गुडघे वाकवून डोळे दीड मीटरवर आणले आणि पोराला डिपर लावायला सांगितलं. दोन सेकंद बघू शकलो. त्यानंतर मिनिटभर बोळातला विजेचा खांबही दिसेना.

दुसरी गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची. निर्मात्यानं मूळ नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणं परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी गाडीवाल्यांना पंधरा वर्षं पासिंग नसते म्हणून हे आपल्याला लागू नाही असं वाटतं. पण नियम रस्त्यावर सगळ्यांनाच लागतो, पिवळ्या पाटीवाल्याची तपासणी फक्त लवकर होते.

दाजींचा भाचा पुण्यात असतो. त्यानं व्हिडिओ पाठवला की जर्मनीत एलईडी बल्ब चालतात. खरं आहे, २०२० पासून तिथं काही एलईडी बल्बांना मान्यता आहे. पण ती ठराविक बल्बला, ठराविक मॉडेलच्या ठराविक हेडलाइटमध्ये, चाचणी करून दिलेली. यादीत नसलेल्या गाडीत तोच बल्ब तिथंही बेकायदाच. आमच्या संचाच्या खोक्यावर तर कुठल्याच मान्यतेचा शिक्का नव्हता.

समोर असलेले पर्याय

पासिंगपुरते जुने बल्ब: स्वस्त, आणि दाजींची मूळ अडचण होती तिथंच. हा पर्याय दाजींनीच सोडला. "ट्रॉली काय पासिंगचा कागद बघून बाजूला होते का?" असं म्हणाले.

परत १००/९०: यावर माझं मत कडक आहे. ५५ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास करंट लागतो, ९०च्या बल्बला साडेसात. वायर आणि स्विचमध्ये तापणं करंटच्या वर्गानं वाढतं, म्हणजे अडीच पटीहून जास्त. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी धुरकटते. ट्रॅक आणि रॅलीच्या गाड्यांसाठी बनलेला माल आपण गावगाड्यात घालतो.

प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) किंवा एचआयडी (तारेऐवजी गॅसमधल्या ठिणगीवर जळणारा बल्ब): खर्च मोठा, हेडलाइट फोडून जोडावा लागतो, आणि कलम ५२ पुन्हा समोर उभं. यावर वेळ घालवला नाही.

मूळ वॉटचाच, पण जास्त उजेडाचा हॅलोजन: चांगल्या कंपन्या ६०/५५ मध्येच तार आखूड आणि घट्ट गुंडाळून, आत गॅस बदलून असे बल्ब काढतात. 'ई' अक्षर वर्तुळात असलेला मान्यतेचा शिक्का असेल तर कायद्याची अडचण नाही. आयुष्य मात्र कमी. दाजींच्या गाडीला रोज रात्री धावायचं, म्हणून साधाच बल्ब ठरला.

आणि शेवटचा पर्याय, जो पहिला असायला हवा होता: कंपनीनं दिलेला उजेड रस्त्यापर्यंत का पोहोचत नाही ते शोधणं.

केलेली कामं

साधे ६०/५५ बल्ब टाकले, इंजिन दीड हजार आरपीएमवर ठेवलं, डिपर लावला आणि मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. डाव्या बल्बच्या पायावर ११.६. म्हणजे २.३ व्होल्ट वाटेतच गळत होते.

याचा अर्थ गाडीवाल्यांना सांगणं अवघड जातं, कारण २.३ आकडा लहान वाटतो. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्यानं पडतो, साधारण साडेतीन घाताच्या हिशेबानं. १३.२ व्होल्टवर बल्ब जो उजेड देतो, त्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच उजेड ११.६ला मिळतो. बल्ब नवा कोरा असला तरी. १००/९० टाकल्यावर तर जास्त करंटमुळं गळती आणखी वाढत होती. मोठा बल्ब, वाटेत जास्त चोरी.

गळती कुठं, हे टप्प्याटप्प्यानं मोजलं. अर्थच्या (निगेटिव्हच्या) बाजूला ०.६ व्होल्ट: बॅटरीखाली बॉडीला अर्थचा बोल्ट होता, त्याखाली हिरवट-पांढरा गंज. पॉझिटिव्हच्या बाजूला १.७, त्यातले एकटे ०.९ स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमध्ये. या गाडीत हेडलाइटला रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, सगळा करंट त्या दांडीतल्या नखाएवढ्या टाचणीतून जातो. दांडी उघडली तर टाचणी काळी पडलेली, प्लास्टिकला फोड. दोन वर्षांच्या १००/९०ची कमाई.

इथं दुसरा निर्णय होता: दांडी नवी टाकायची की रिले जोडायचा? नवी दांडी साडेतीन हजारांची, आणि भार पुन्हा तिच्यावरच. रिलेचा संच ११०० रुपयांत. दांडीनं फक्त रिलेला इशारा द्यायचा, बल्बचा करंट थेट बॅटरीकडून जाड वायरनं. मी रिले निवडला, पण तीन अटींवर. मूळ वायर कापायची नाही, कंपनीचा कपलर (वायर जोडायचा प्लग) रिलेच्या सॉकेटात जसाच्या तसा बसला पाहिजे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, म्हणजे वायर कुठं घासली तर आग लागणार नाही. आणि डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज. एकच फ्यूज टाकून देणारे संच बाजारात मिळतात, तो उडाला की रात्री ऐंशीच्या वेगात दोन्ही डोळे एकदम मिटतात. वॉरंटीतल्या गाडीला मात्र मी हे केलं नसतं. तिथं कंपनीत जाऊन दांडी बदलून घेणंच बरं, नाहीतर उद्या वॉरंटी किंवा विम्याचा दावा करताना वायरिंगकडं बोट दाखवलं जाऊ शकतं.

अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरनं घासून, ग्रीस लावून आवळला. रिले बसवल्यावर बल्बच्या पायावर १३.५ व्होल्ट. तोच बल्ब, त्याच वॉटचा, पण उजेड दीडपटीहून जास्त.

मग हेडलाइट. डाव्याचा रिफ्लेक्टर आतून चहात बुडवल्यासारखा झालेला, तो पॉलिशनं सुधारत नाही. नवा टाकला, ३,९००. उजवा आतून स्वच्छ होता, बाहेरची काचच पिवळी. काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट असतं, वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की पिवळं पडतं. आठशे नंबरचा पॉलिश पेपर, मग पंधराशे, दोन हजार, तीन हजार, सगळं पाण्यात, शेवटी कंपाउंड. तासाभरात काच नव्यासारखी. दाजींना उरलेले पैसे वाचल्याचा आनंद.

फोकस लावायला जिनिंगच्या गोदामाची भिंत निवडली, कारण तिथली जमीन सपाट आहे. संध्याकाळी सात वाजता, टायरची हवा बघून, मागच्या सीटवर दोन पोरं बसवून. डॅशबोर्डवरचं, दिव्याचा झोत वर-खाली करायचं चाक शून्यावर. भिंतीपासून दिवे १० मीटर. दिव्याचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटर भरला. खडूनं भिंतीवर ७५ला एक रेघ, तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. डिपरची वरची कड दुसऱ्या रेघेला टेकली पाहिजे, आणि आपल्याकडं डाव्या हातानं चालतात म्हणून ती कड डावीकडं वर चढलेली. हॅलोजन लावल्यावर भिंतीवर ती कड सुरीनं कापल्यासारखी उमटली. एलईडीच्या वेळी तिथं नुसता ढग होता.

त्याच रात्री गोदामामागच्या बंद रस्त्यावर काळी ताडपत्री खुर्चीवर टाकून ठेवली आणि गाडी दुरून हळूहळू आणली. एलईडीवर ताडपत्री ३५ मीटरवर कळली. नव्या जोडणीवर ५५ला. दाजी खाली उतरून स्वतः टेप धरायला आले.

निकाल

दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली. समोरच्यांचं अप्पर-डिपर मारणं थांबलं. आठ मीटरवर वाकून मी पुन्हा बघितलं, या वेळी डिपरकडं बघत दाजींशी बोलू शकलो.

पण ताडपत्रीच्या त्या ५५ मीटरनं दुसराच हिशेब समोर आणला. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० च्या आसपास. एकूण ७० च्या पुढं. ६० च्या वेगात हाच आकडा ५० च्या आत येतो. म्हणजे डिपरवर ८० नं चालणाऱ्याला हे हेडलाइटही वाचवत नाहीत. हे दाजींना कागदावर मांडून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला. जानेवारीत रेणापूरच्या अलीकडं आख मोडून उभी असलेली दुहेरी ट्रॉली त्यांना डिपरवर दिसली. "किती मागं थांबलात?" विचारलं तर म्हणाले, "लई नाही. दोन ट्रॉल्या बसतील एवढं."

खर्च: हेडलाइट ३,९००, रिले संच १,१००, बल्ब दोन मिळून ५२०, पॉलिश ५००, मजुरी ८००. एलईडीचे ३,२०० वेगळे. त्यातले निम्मे मी सोडले, कारण ती चूक निम्मी माझी होती. दाजींच्या मते पाऊण.

काय वेगळं करता आलं असतं

मीटर पहिल्या दिवशी लावला असता तर डिसेंबरची नापासी झालीच नसती. पहिल्या भेटीत फक्त अर्थचा बोल्ट साफ केला असता तरी अर्धा व्होल्ट परत आला असता, फुकटात. ताडपत्रीची चाचणीही मी एलईडी बसवल्यानंतर केली. जुन्या अवस्थेत केली असती तर सुधारणा नेमकी किती, हे सांगता आलं असतं.

उजव्या काचेवर पॉलिशनंतर उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर मारायला हवा होता. तो माझ्याकडं नव्हता आणि लातूरहून मागवायला दोन दिवस लागणार होते. दाजींना घाई, मलाही. मे महिना आला, गाडी दवाखान्यांच्या आवारात दिवस-दिवस उन्हात उभी, आणि जूनमध्ये काच परत पिवळी. शेवटी उजवा हेडलाइटही नवा टाकला. दोन्ही एकदम घेतले असते तर फोकस दोनदा लावावा लागला नसता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही दिसत होती आणि आजही तशीच आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्यात. सात माणसं आणि डिक्कीत गाद्या-बोचकी भरली की गाडीचं नाक वर उठतं आणि नीट लावलेला डिपरही वर चढतो. तेवढ्यापुरतं दाजी डॅशबोर्डवरचं चाक दोनवर करतात, आठवण राहिली तर. पाट्यांच्या कामाचा विषय काढला की म्हणतात, "एवढा हंगाम जाऊ द्या, मिस्त्री, पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की टाकू." दोन हंगाम झाले.